शिबिर वाडीत, वाडी भट्टीवर

‘सरकारी दवाखान्यात सगळं फुकट आहे, तरी ही माणसं जात का नाहीत?’ रायगड जिल्ह्यातल्या कर्जतला हा प्रश्न फार्महाऊसचा मालक विचारतो, बँकेतला कारकून विचारतो, कधीकधी नव्यानं रुजू झालेला डॉक्टरही विचारतो. ‘ही माणसं’ म्हणजे बहुतेक वेळा वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर किंवा दुसऱ्याच्या शेतावर हंगामापुरती गेलेली कातकरी आणि ठाकूर कुटुंबं. त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो. कॉलेजची मुलं रविवारी बस भरून येतात, रक्तदाब तपासतात, गोळ्या वाटतात, फलकासमोर फोटो काढून परत जातात. त्यानं खरंच कोणाचं आजारपण कमी होतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: एका रविवारानं जवळजवळ काहीच होत नाही. पण तीच मुलं वेगळ्या पद्धतीनं आली, तर बरंच काही होऊ शकतं. ती पद्धत कोणती, हे समजायला पहिल्या प्रश्नातून जावं लागतं.

१. कोण, कुठे, कधी

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन. पूर्वी जंगलात खैरापासून कात काढणं हा त्यांचा धंदा होता. जंगलावर सरकारी बंधनं आली आणि तो गेला. जमीन बहुतेकांकडे नव्हतीच. उरलं ते कोळसा पाडणं, मासे-खेकडे, शेतमजुरी आणि वीटभट्टी. ठाकूर समाजाकडे डोंगरउतारावर थोडी वरी-नाचणी पिकते, पण भाताची कापणी आटोपली की त्यांच्यातलीही अनेक कुटुंबं बाहेर पडतात.

कर्जत-खालापूरचं वर्ष दोन तुकड्यांत विभागलेलं आहे. मिरगापासून दिवाळीपर्यंत माणसं वाडीत असतात. दिवाळीनंतर मालकाचा ट्रक किंवा टेम्पो येतो. भांडी, कोंबड्या, पोरं असं सगळं बिऱ्हाड त्यात चढतं आणि वाडीत म्हातारी माणसं तेवढी उरतात. काहीजण जवळच, नेरळ-कडाव पट्ट्यात किंवा पनवेलकडे जातात, तर काहीजण कल्याण-भिवंडीच्या बाजूला. कोळशाच्या कामासाठी जाणारे आणखी लांब जातात. शिमग्याला पुष्कळ कुटुंबं चार दिवस वाडीत येऊन जातात. मग आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, बिऱ्हाडासकट परत.

भट्टीवर राहायला भोंगा. कच्च्या विटा रचलेल्या, वर पेंढा किंवा ताडपत्री, आत जायला वाकावं लागतं. गेल्या शतकाच्या शेवटी ‘विधायक संसद’ या संस्थेनं ठाणे जिल्ह्यात भट्टीवरच्या मुलांसाठी शाळा काढल्या तेव्हा त्यांना नाव दिलं ‘भोंगाशाळा’. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे नेऊ, इतकाच त्यामागचा विचार होता. आरोग्याच्या बाबतीत तो तितकासा साधा नाही. शाळेत न गेलेलं मूल दुसऱ्या दिवशी जाऊ शकतं. जुलाब लागलेल्या तान्ह्या मुलाला दुसरा दिवस मिळेलच असं नाही.

२. फुकट उपचाराची किंमत

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून औषधांपर्यंत सगळं निःशुल्क आहे. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय असो, कशेळ्याचं ग्रामीण रुग्णालय असो की खालापूर तालुक्यात चौकचं, खिडकीवर पैसे मागत नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत रायगड होता. म्हणजे ‘फुकट’ ही गोष्ट इथे दुर्मीळ नाही.

आता भट्टीवरचा हिशेब बघू. कामाला माणूस एकटा नसतो, ‘जोडी’ असते: नवरा-बायको. एकजण चिखल मळतो, आणून देतो. दुसरा साच्यात घालून वीट पाडतो. मजुरी हजार विटांमागे. समजा, एक जोडी दिवसाला हजार विटा पाडते आणि हजारी दर १,००० रुपये आहे. (आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत, दर भट्टीगणिक बदलतो.) बाई ताप आलेल्या पोराला घेऊन दवाखान्यात गेली, तर एकाची नव्हे, दोघांची मजुरी अडकते, कारण एकट्यानं वीट पडत नाही. हजारातले सातशे-आठशे गेले, वर दोन्हीकडचं रिक्षाभाडं. म्हणजे फुकटच्या गोळ्या जवळपास हजार रुपयांना पडल्या.

त्यातही ते हजार रुपये हातात नसतातच. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मालकाकडून ‘उचल’ घेतलेली असते. हंगामात दर आठवड्याला बाजाराला पुरेल इतकी ‘खर्ची’ मिळते आणि खरा हिशेब शेवटी, आगोटीला. बुडालेला प्रत्येक दिवस उचल फिटण्याला उशीर करतो. फिटली नाही तर पुढच्या साली तीच भट्टी. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. पण उचल घेणाऱ्याला आपण त्या कायद्यात बसतो हे कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून भट्टीवरचा आजार तीन पायऱ्यांनी चढतो. आधी अंगावर काढायचा. मग जवळच्या दुकानातली गोळी किंवा भगत. दवाखाना तिसऱ्या पायरीवर येतो, आणि तोवर मूल निपचित पडलेलं असतं. याला ‘अज्ञान’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तर तो अगदी व्यवहारी हिशेब वाटतो, फक्त तो जीवावर बेतणारा आहे.

३. आरोग्याचा रतीब

आता मुख्य कल्पनेकडे येऊ. आपल्याला उपचार म्हणजे एक प्रसंग वाटतो: दुखलं, गेलो, औषध घेतलं, बरा झालो. पण गरीब वस्तीत माणसं ज्यानं मरतात किंवा खंगतात, ते बहुतेक आजार प्रसंगानं आटोक्यात येत नाहीत. त्यांना दुधाच्या रतिबासारखी सेवा लागते: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या दारात, न चुकता. बिऱ्हाड हललं आणि गवळ्याला सांगायचं राहिलं की रतीब तुटतो. गवळी जुन्या दारात येऊन परत जातो, नव्या दारात कोणी येत नाही. स्थलांतरित मजुराच्या आरोग्याचं नेमकं हेच होतं.

तीन उदाहरणं घेऊ.

गरोदर बाईला लोह आणि फॉलिक आम्लाची रोज एक गोळी, १८० दिवस, असा सरकारी कार्यक्रम आहे. भट्टीचा हंगामही साधारण सहा-सात महिन्यांचा. दिवाळीत तिसरा महिना लागलेली बाई पूर्ण गोळ्यांचा काळ भट्टीवर काढते. एखाद्या आरोग्य शिबिरात तिला ३० गोळ्या मिळाल्या, तर १५० उरल्या. शिबिराच्या अहवालात मात्र ‘एक लाभार्थी’ अशी नोंद होते.

क्षयरोगाचा साधा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस बरा दिसू लागतो. नेमकी तेव्हा ट्रकची वेळ येते. अर्ध्यावर सोडलेला उपचार न घेतलेल्यापेक्षा वाईट ठरू शकतो, कारण उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. यावर सरकारकडे चांगली सोय आहे. ‘निक्षय’ या नोंदणीत प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक मिळतो, तो देशभर चालतो आणि उपचार एका केंद्रातून दुसऱ्या केंद्राकडे वळवता येतो. पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. फक्त रुग्ण हलला हे कोणीतरी कळवावं लागतं.

तिसरं उदाहरण लसीचं. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली लस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी. ऑक्टोबरात जन्मलेल्या मुलाच्या पहिल्या तिन्ही तारखा भट्टीवर येतात. कार्ड वाडीतल्या घरात पत्र्याच्या पेटीत राहिलं असेल, तर भट्टीवर आलेल्या आरोग्यसेविकेला कुठला डोस झाला आणि कुठला राहिला, हे कळायला मार्ग नाही.

तिन्ही ठिकाणी औषध आहे, पैसे लागत नाहीत, यंत्रणाही आहे. नाही ती फक्त बिऱ्हाड हलल्याची खबर.

४. नाव कोणाच्या यादीत?

आशाताई साधारण हजार लोकवस्तीमागे एक असते, अंगणवाडी सेविकेचंही क्षेत्र ठरलेलं असतं. दोघी आपापल्या यादीतल्या घरांना जबाबदार. भट्टी असते नदीकाठी, दोन गावांच्या शिवेवर, मालकाच्या किंवा भाड्याच्या जमिनीत. वाडीच्या यादीत कुटुंबापुढे ‘बाहेरगावी’ असा शेरा पडतो आणि भट्टीच्या गावात त्यांचं नावच नसतं. कागदावर दोन्ही गावांचं काम चोख झालेलं असतं! दोष एकट्या आशाताईचा नाही. तिला मोबदला कामागणिक मिळतो आणि तिच्या यादीबाहेरची पंधरा भोंग्यांची वस्ती हे जास्तीचं, अनेकदा बिनमोबदल्याचं काम असतं.

हे सुधारता येत नाही असं मात्र नाही. पल्स पोलिओनं ते करून दाखवलं आहे. १९९५ पासून राबवलेल्या त्या मोहिमेत पुढे लक्षात आलं की विषाणू सुटतो तो यादीबाहेरच्या मुलांतून. मग सूक्ष्म नियोजनात वीटभट्ट्या, बांधकामं, ऊसतोडीचे तळ यांची स्वतंत्र नोंद होऊ लागली. भारत ज्या भूभागात मोडतो तो २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात या याद्यांचा वाटा मोठा. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुषनंही राहून गेलेल्या मुलांसाठी भट्ट्यांकडे लक्ष दिलं. महिला व बालविकास विभागानं अलीकडे स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली काही जिल्ह्यांत सुरू केली आहे. पण प्रणालीत माहिती भरायला आधी भोंग्यात वाकून जाणारं कोणीतरी लागतं.

५. विद्यार्थी काय करू शकतो, काय नाही

इथे विद्यार्थी येतो. आधी मर्यादा. वैद्यकीय किंवा नर्सिंगचा विद्यार्थी औषध लिहून देऊ शकत नाही. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग कायदा, २०१९ नुसार नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणं दंड आणि तुरुंगवासापर्यंत नेणारा गुन्हा आहे. ‘गरिबांसाठीच तर करतोय’ ही सबब चालत नाही, आणि चालूही नये. शिकाऊ हात कातकऱ्याच्या अंगावर आजमावायचे नसतात. तेव्हा नोंदणीकृत डॉक्टर बरोबर हवा किंवा रुग्ण त्याच्याकडे पोचवायला हवा.

मर्यादा सांगून झाल्यावर उरलेली यादी बरीच लांब आहे. सगळ्यात उपयोगी साधन अगदी स्वस्त: दंडघेराची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळायची, फार सैल नाही, फार आवळूनही नाही. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम. समजा, वीस महिन्यांच्या मुलीचा दंड ११.२ भरला. विद्यार्थ्यानं तिला बिस्किटाचा पुडा द्यायचा नाही. दोन्ही पायांवर सूज आहे का बघायचं, ताप-जुलाब-धाप विचारायची, आणि त्याच दिवशी तिला आरोग्य केंद्रापर्यंत न्यायची व्यवस्था करायची. दाखल करायचं की घरी आहार द्यायचा, ते डॉक्टर ठरवतील. १२.१ असेल तर नाव अंगणवाडीला कळवायचं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजायचं. ‘पुन्हा’ हा शब्द इथे महत्त्वाचा.

जलसंजीवनी करायला शिकवणं हे दुसरं काम. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून भाषण न देता बाईच्याच भांड्यात, तिच्याच हातून एकदा करून घ्यायचं. भोंग्यात लिटरचं माप नसतं. पाण्याची रिकामी बाटली असते, तीच माप.

तिसरं काम ऐकायला किरकोळ वाटेल. १०८ ला फोन केला की पहिला प्रश्न येतो, ‘कुठून बोलताय?’ भट्टीला पत्ता नसतो. मालकाचं नाव, जवळचा फाटा, पूल किंवा शाळा अशा खुणा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ज्या भोंग्यात मोबाइल आहे तिथे चिकटवायच्या, आणि वाचता न येणाऱ्याकडून पाठ करून घ्यायच्या. बाळंतपणाच्या रात्री हा कागद रक्तदाबाच्या यंत्रापेक्षा जास्त कामाला येतो.

आणि चौथं काम, वही ठेवणं. कुठल्या वाडीचं कुटुंब, कोण गरोदर, कितवा महिना, कोणाच्या गोळ्या कधी संपणार, कोणाची लस कधी, निक्षय क्रमांक काय. तिची एक प्रत भट्टीच्या गावातल्या आरोग्यसेविकेला, एक वाडीच्या आशाताईला. नावं आणि आजार चव्हाट्यावर येणार नाहीत ही खबरदारी घ्यायची, विशेषतः मालकासमोर. क्षयरोगाचं नुसतं नाव निघालं तरी जोडीचं काम जाऊ शकतं.

नोंदी म्हणजे कारकुनी, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी रायगडचंच उदाहरण आहे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेले तरुण डॉक्टर हिम्मतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्ररात्र बसून नाडी, घाम, रक्तदाब टिपत राहिले. त्या निरीक्षणांतून आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापरातून कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. प्रयोगशाळा नव्हती; रुग्ण, कागद आणि तिथे थांबण्याची तयारी होती.

६. आधी कोणी केलंय का?

रायगडातच केलंय. प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अँटिया यांनी १९७० च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला प्रयोग केला. गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना थोडं प्रशिक्षण देऊन आरोग्याची प्राथमिक कामं सोपवली. जी कामं डॉक्टरचीच समजली जात, त्यातली बरीच त्या नीट करतात असं दिसून आलं. विद्यार्थ्यांच्या संदर्भात मांडवा वेगळा धडा देतो: बाहेरून आलेल्या हुशार मुलापेक्षा आश्रमशाळेत आठवी-नववी झालेली, कातकरी बोली बोलणारी वाडीतली मुलगी जास्त उपयोगाची. कॉलेजच्या गटानं पहिल्याच फेरीत अशी एक तरी मुलगी शोधावी आणि तिला मानधन द्यावं. ती ट्रकबरोबर जाते, भोंग्यात राहते, रात्रीही तिथेच असते. विद्यार्थी संध्याकाळची लोकल पकडणार असतात.

दुसरं उदाहरण मेळघाटचं. पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेनं १९९७ पासून पावसाळ्यातले बालमृत्यू रोखण्यासाठी धडक मोहीम चालवली. स्वयंसेवकांच्या तुकड्या पाळीपाळीनं दहा-दहा दिवस गावांत राहायच्या. त्यात विद्यार्थी होते, नोकरदार होते. बहुतेक डॉक्टर नव्हतेच. एक तुकडी निघण्याआधी दुसरी पोचायची. वेळ कुठला निवडला ते बघा. धोका सर्वात जास्त असतो तो वेळ, स्वयंसेवकांना सवड असते तो नव्हे.

परदेशातही धडा तोच. अमेरिकेत शेतमजुरांच्या हालांवरचा माहितीपट १९६० मध्ये दूरचित्रवाणीवर गाजला आणि १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी स्थलांतरित मजुरांच्या दवाखान्यांना पैसे देणाऱ्या कायद्यावर सही केली. अटलांटाच्या एमरी विद्यापीठाचे विद्यार्थी १९९६ पासून दक्षिण जॉर्जियातल्या शेतमजुरांसाठी मोफत तपासण्या करतात. हे काम मुख्यतः जूनमध्ये होतं, कारण मजूर तेव्हा शेतावर असतात. कामाचं वेळापत्रक मजुरांच्या हंगामाशी जुळवून घेतलेलं आहे.

७. आपलं वेळापत्रक

आपल्याकडे उलटं होतं. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास द्यायचे आणि सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं, अशी तिची बांधणी. हे शिबिर बहुतेक कॉलेजं डिसेंबर-जानेवारीत घेतात: हवा चांगली, परीक्षा लांब. आदिवासी वाडी निवडतात, तिथे आरोग्य तपासणी ठेवतात. तेव्हा वाडीत कोण असतं, हे पहिल्या भागात आलंच आहे. म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजून, रस्ता झाडून, पथनाट्य करून मुलं परततात आणि ज्या तान्ह्या मुलांची लस चुकलीय ती दहा-वीस किलोमीटरवर भोंग्यात असतात.

यावर उपाय महाग नाही. १२० तास सात दिवसांच्या शिबिराबाहेरच मोजले जातात. म्हणजे एकेकाच्या तीन-तीन तासांच्या चाळीस फेऱ्या होतात. पाच जणांचा गट असेल आणि एका फेरीला दोघं गेले, तर गटाच्या मिळून शंभर फेऱ्या भरतात. डिसेंबर ते मे हे साधारण सव्वीस आठवडे. म्हणजे एका गटाला तीन भट्ट्यांवर दर आठवड्याला जाऊनही बावीस फेऱ्या उरतात. त्या दवाखान्यात रुग्णासोबत जाण्यासाठी. मुंबईहून कर्जत आणि खोपोलीपर्यंत लोकल येते, ही सोय राज्यातल्या फार थोड्या आदिवासी तालुक्यांना आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानं २०२२ पासून कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमातच घातला आहे. महाविद्यालयानं ठरवलं तर त्यातली काही कुटुंबं वाडीची, म्हणजे सहा महिने भट्टीची, असू शकतात.

फेरीची वेळही भट्टीवरून ठरते. विटा पाडायचं काम उन्हं चढण्याआधी, पहाटेपासून चालतं आणि दुपारी माणसं पडलेली असतात. सकाळी दहाला पोचणारा गट कामात अडथळा आणतो आणि मालकाचा रागही ओढवून घेतो. चार-साडेचारनंतर जावं. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र जाऊ नये. भोंगे रिकामे असतात. त्या दिवशी भेटायचं तर बाजारातच गाठावं. मालकाशी पहिली गाठ शक्यतो आरोग्य केंद्राच्या डॉक्टरनं किंवा आरोग्यसेविकेनं घालून द्यावी. अडवणारे मालक असतात, तसे ‘माझ्या माणसांना बघताय, बघा बाबा’ म्हणणारेही असतात. आजारी जोडी त्यांनाही परवडत नाही.

अडचण उरते ती एप्रिल-मेची. ऊन सर्वात कडक, पाण्याचे झरे आटलेले, जुलाब वाढलेले, आणि कॉलेजात परीक्षा. यातून वाट काढताना गट एकाच वर्गाचा ठेवू नये. वेगवेगळ्या शाखांच्या आणि वर्षांच्या परीक्षा एकाच आठवड्यात येत नाहीत. कला शाखेची मुलगी दंडघेर मोजायला वैद्यकीयच्या मुलाइतकीच सक्षम असते, आणि बायकांशी बोलायला तर अनेकदा जास्त. शिमग्याचे चार दिवस वेगळे राखून ठेवावेत, कारण कुटुंब कार्डाच्या पेटीपाशी येतं. त्या चार दिवसांत वाडीत लसीकरणाचं सत्र लावून घेतलं, तर वर्षभराची चुकलेली बरीच नोंद एका जागी भरून निघते. त्यासाठी जानेवारीतच प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवावं लागतं. लसीची पेटी आयत्या वेळी मिळत नाही.